लाइक आले, ऑर्डर कुठे आहेत?

आज माझाच एक फसलेला प्रयोग सांगतो.

मागच्या दिवाळीत मावशीच्या फराळाची जाहिरात मी केली. भिशीतले 3000 रुपये तिने विश्वासाने माझ्या हातात दिले. चकलीचा झकास व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला, बूस्ट केला. लाइकचा पाऊस! ऑर्डर आल्या दोन, त्यातली एक नागपूरहून. मावशी डिलिव्हरी देते फक्त कोथरूडमध्ये.

चूक माझीच. सिस्टिमला आपण जे मागतो, तेच ती शोधून आणते. मी उद्दिष्ट निवडलं होतं 'एंगेजमेंट' आणि ठिकाण अख्खा महाराष्ट्र. मग तिने लाइक करणारी माणसं शोधली, खरेदी करणारी कशाला शोधेल?

यंदा उद्दिष्ट ठेवलं 'मेसेज'. नकाशावर घराभोवती चार किलोमीटरचं वर्तुळ. बटण दाबलं की थेट मावशीचं व्हॉट्सॲप. पोस्टमध्ये किलोचा भाव आणि ऑर्डरची शेवटची तारीख. लाइक जेमतेम चाळीस. पण मावशीला मदतीला एक बाई ठेवावी लागली.

तेव्हा पैसे घालण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: जाहिरात बघून समोरच्याने नेमकं काय करायला हवंय? उत्तर एका वाक्यात येत नसेल, तर थांबा. भिशीचे पैसे कष्टाचे असतात हो!