वर्तमानपत्र कोणाचे?

मंडळी, वर्तमानपत्र आपण रोज वाचतो. ते कोणाच्या मालकीचे, हे विचारतो का? अमेरिकेतले पत्रकार बेन बॅगडिकियन यांनी नेमके तेच विचारले. १९७१ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’साठी व्हिएतनाम युद्धाचे गुप्त दस्तऐवज त्यांनीच आणले, तेही गठ्ठ्यासाठी विमानाचे वेगळे तिकीट काढून! पुढे बर्कलेला ते पत्रकारितेचे प्राध्यापक झाले. १९८३ मध्ये त्यांनी पुस्तकात लिहिले, देशातली बहुतेक माध्यमे ५० कंपन्यांच्या हाती आहेत. उगाच घाबरवतात, अशी टीका झाली. २००४ च्या आवृत्तीत तो आकडा ५ होता. बातमीदारी सोडून ते टीकाकार झाले, असे आम्हाला वाटत नाही. हीसुद्धा बातमीच होती. उद्या आरतीला येताना आपापल्या वर्तमानपत्रातली मुद्रक-प्रकाशकांची बारीक अक्षरांतली ओळ वाचून या.