दगडावर कोरलेली आई

गॅसवर दूध ठेवलं असेल तर आच बारीक करा, कारण आज आम्ही तुम्हाला बरंच लांब नेणार आहोत. मंगोलिया देशात ओरखोन नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यात नजर पोचेल तिथवर गवत, त्यावर मेंढ्या, घोडे आणि वर निळंभोर आभाळ. अशा गवताळ मैदानाला स्टेप म्हणतात. त्या माळावर दोन भल्यामोठ्या कोरीव शिळा उभ्या केल्या होत्या. एक सन 732 मधली, दुसरी 735 मधली. आता त्या तिथल्याच संग्रहालयात आहेत.

पहिली शिळा आहे क्युल तिगिन या राजपुत्राच्या आठवणीची. तो 731 मध्ये वारला. त्याचा थोरला भाऊ बिल्गे हा तेव्हा तुर्क लोकांचा राजा, म्हणजे त्यांच्या भाषेत कागान. त्यानं ही शिळा घडवून घेतली. घराण्यातल्याच योल्लुग तिगिनानं वीस दिवस बसून मजकूर लिहिला, आणि हे वीस दिवससुद्धा त्यानं दगडावर नोंदवून ठेवले. आमच्या गटाच्या इतिवृत्त वहीत सचिव शेवटी सही करते ना, तसंच!

पुढं ही लिपी लोक विसरले. कितीतरी शतकं ती कुणाला वाचता येईना. अक्षरं सरळ रेघांची, कोनाकोनाची, साधारण चाळीस. उत्तर युरोपातल्या रून नावाच्या जुन्या अक्षरांसारखी दिसतात म्हणून हिलाही रूनिक म्हणू लागले, पण भाषा जुनी तुर्की. ओरखोनच्या या शिळा 1889 मध्ये यादरिन्त्सेव या रशियन संशोधकानं उजेडात आणल्या, आणि 1893 मध्ये डेन्मार्कच्या विल्हेल्म थॉमसेन यांनी लिपी उलगडली. शिळेच्या एका बाजूला चिनी मजकूर आहे, त्यावरून कोणाचं नाव शोधायचं ते कळलं. लेख उजवीकडून डावीकडे वाचायचा, हेही त्यांनी ओळखलं. सुरुवातीला लागलेल्या शब्दांपैकी एक होता तेंग्री, म्हणजे आभाळ, आणि आभाळातला देवही.

आता आमच्या आवडीचा भाग. राजांच्या शिळा म्हणजे लढाया आणि बढाया, त्या इथंही भरपूर आहेत. पण मधूनच आई येते. क्युल तिगिन सात वर्षांचा असताना वडील गेले. गादीवर काका बसला. आई विधवा, मुलं लहान. तिला लेखात एल बिल्गे खातून म्हटलंय, म्हणजे राज्याची जाणती राणी. खातून शब्द ओळखीचा वाटला ना? आपल्याकडच्या मुस्लिम बायकांच्या नावात येतो तोच. बिल्गे कागान सांगतो, की उमायसारख्या आपल्या आईच्या पुण्याईनं धाकट्या भावाला दहाव्या वर्षी कर्त्या पुरुषाचं नाव मिळालं.

ही उमाय कोण? बाळबाळंतिणीला राखणारी देवी. आपल्याकडे पाचवीला सटवाई पुजतात, तिची आठवण व्हावी अशी. 11व्या शतकात महमूद अल-काशगरी यांनी तुर्की भाषेचा मोठा कोश केला. त्यात उमाय या शब्दाचा अर्थ वार असा दिलाय. बाळाच्या मागून पडते ती वार. देवीचं आणि वारेचं नाव एकच. एवढा मान वारेला दुसऱ्या कुणी दिला असेल असं आम्हाला वाटत नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी शत्रू तळावर चालून येतो. तळाला त्यांच्या भाषेत ओर्दू म्हणत. आपण उर्दू भाषा म्हणतो, ते नाव याच शब्दावरून आलं. क्युल तिगिन पांढऱ्या घोड्यावर बसून नऊ जणांना मारतो आणि तळ राखतो. तो नसता तर काय झालं असतं, हेही राजा कोरून ठेवतो. आई, सावत्र आया, आत्या-मावश्या, सुना, लेकी, यांतल्या जगल्या त्या दासी झाल्या असत्या, मेल्या त्या वाटेवर पडून राहिल्या असत्या. लढाईत बायकांचं काय होतं हे सुमारे तेराशे वर्षांपूर्वी कुणीतरी लपवलं नाही.

राजाचा उपदेशही आहे. चिनी लोक सोनं, चांदी, रेशीम हात न आखडता देतात, बोलणं गोड, कापड मऊ. त्याला भुलून जवळ गेलात की संपलात. दारात येऊन गोड बोलून कर्ज गळ्यात मारणारे आम्हीही पाहिलेत, त्यामुळे हे वाचताना बायका हसल्याच. गंमत अशी, की या स्मारकासाठी कारागीर चिनी सम्राटानंच पाठवले होते, आणि चिनी मजकूरही त्याचाच.

मग राहायचं कुठं? तर ओत्युकेनच्या डोंगररानात. अभ्यासक ते खांगाय पर्वतरांगेत मानतात. ती जागा धरून बसा, तिथून व्यापाराचे तांडे पाठवा, काही कमी पडणार नाही, असं राजा सांगतो. वर तेंग्री, खाली येर-सुब म्हणजे भूमी आणि पाणी, आणि घरात उमाय. त्यांचं देवघर म्हणजे तो सगळा मुलूखच. आजही मंगोलियात खिंडीत, माथ्यावर दगडांचे ढीग दिसतात, त्यांना ओवो म्हणतात. वाटसरू तीन फेऱ्या घालतो, एक दगड ठेवतो, कुणी दूध शिंपडतं, निळं वस्त्र बांधतं. मात्र काही पवित्र डोंगरांच्या माथ्यावर बायकांनी जायचं नाही अशी रीत आहे. डोंगराला दूध चालतं, धार काढणारी चालत नाही. हे आम्हाला पटलेलं नाही.

उत्तरेला येनिसेई नदीच्या खोऱ्यातही याच लिपीतले दगड आहेत. ते छोटे, सरदार-दरकदारांचे. त्यांत मेलेला माणूसच बोलतो. काय काय मागं राहिलं ते मोजतो: घरातली बायको, मुलं, सोबती, घोडे. त्यांच्या सहवासानं मन भरलं नाही, म्हणतो. या यादीत बायको बहुतेक सुरुवातीलाच येते.

गटाच्या बैठकीत हे वाचून दाखवलं, तेव्हा थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एक काकू म्हणाल्या, “जिवंतपणी सांगितलं होतं का तिला?”

आज एवढंच. दूध बघा. नमस्कार.