मांजरावर माया करायची, तर बिबट्याचाही विचार करावा लागेल



आपल्या मोहल्ल्यांत मांजराला मान आहे. मांजराने पाण्याच्या भांड्याला तोंड लावले तरी घरातली वडीलधारी माणसे ते पाणी ओतून देत नाहीत. मांजर नापाक नाही, ते आपल्या अवतीभवती वावरणारे जनावर आहे, ही हदीस त्यांना माहीत असते. अबू हुरैरा या सहाबींचे टोपणनावही मांजराच्या पिल्लावरूनच पडले. त्यामुळे आरे, मुलुंड किंवा ठाण्याच्या येऊरकडच्या वस्त्यांतली तरुण मुले भटक्या मांजरांना खाऊ घालतात, यात नवल नाही. पण तिथे रात्री बिबट्या फिरतो. मग या मांजरांना वाचवायचे कसे?

आधी बिबट्याची बाजू समजून घेऊ. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याला शहराने वेढले आहे. तिथला बिबट्या चितळ, सांबर खातो, तशीच भटकी कुत्री आणि लहान जनावरेही खातो. आपण कचरा टाकतो, कचऱ्यावर उंदीर, कुत्री, मांजरे येतात आणि त्यांच्या मागे बिबट्या येतो. म्हणजे रात्री दहा वाजता भिंतीकडेला भातमच्छीची ताटली ठेवून आपण झोपायला गेलो, तर मांजराला जेवण मिळतेच, पण बिबट्यालाही शिकार एका जागी सापडते. त्याच गल्लीत लहान मुले खेळतात, बायाबापड्या अंधारात शौचालयाला जातात. प्रश्न फक्त मांजराचा उरत नाही.

‘बिबट्याला पकडून लांब सोडा’ ही मागणी लगेच होते. जुन्नर भागात २००१ नंतर हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा बिबटे हलवल्यावर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढल्याचे दिसले. एक बिबट्या नेला की रिकाम्या जागेत दुसरा येऊ शकतो, आणि अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बिबट्याला सर्वोच्च संरक्षण आहे. फास लावणे, विष घालणे हा गंभीर गुन्हा आहे.

सूरह अल-अनआमच्या ३८व्या आयतीचा आशय असा, की जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी तुमच्यासारख्याच उम्मती आहेत. त्यात मांजर आले तसा बिबट्याही आला. आपल्या संविधानाचे कलम ५१क नागरिकाची दोन कर्तव्ये एकाच ओळीत सांगते: वन्यजीवांचे रक्षण आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी. एकावर दया आणि दुसऱ्यावर राग, असे करून चालणार नाही.

मग करायचे काय?

जेवण दिवसाउजेडी द्या, रोज ठरल्या वेळी. अर्ध्या तासाने उरलेले अन्न आणि ताटली उचला. जागा जंगलाच्या भिंतीपासून लांब, झुडपांपासून दूर, घरांजवळ ठेवा. रात्री निवारा हवा असेल तर मजबूत पेटी करा, तिचे तोंड मांजरापुरते ठेवा आणि ती भिंतीला पक्की बसवा. अमेरिकेत कोयोटपासून वाचण्यासाठी मांजरांना चढायला लाकडी खांब रोवतात. आपल्याकडे तो उपाय फोल आहे, कारण बिबट्या झाडावर सहज चढतो.

माणसाळलेले मांजर रात्री घरात घ्या. मांजराला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिने ना खायला दिले, ना बाहेर जाऊन पोट भरू दिले, म्हणून तिला अजाब झाला. तेव्हा दार बंद करणार असाल तर अन्नपाण्याची जबाबदारी तुमची.

सर्वांत मोठा उपाय नसबंदीचा. मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि साधारण दोन महिन्यांत विते. वर्षाला दोन-तीन वेत होतात, त्यातली कितीतरी पिल्ले गाड्यांखाली, आजाराने किंवा शिकार होऊन मरतात. ‘अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ कशाला?’ असे काही जण विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. गरज असेल आणि जनावराला इजा होत नसेल तर नसबंदीला हरकत नाही, असे मत आजच्या अनेक उलेमांनी दिले आहे. आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांशी जरूर बोला. नसबंदी झालेल्या मांजराच्या कानाचे टोक कापलेले असते, ती खूण ओळखायला शिका.

नको असलेली पिल्ले पिशवीत घालून आरेत सोडून येणारे लोकही आहेत. ‘निसर्गात सोडले’ असे ते म्हणतात. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

आता थोडे आपल्या घरातले. बकरी ईदला कुर्बानीनंतरची आतडी, कातडी काही ठिकाणी नाल्यात किंवा जंगलाच्या कडेला टाकली जातात. चिकनची दुकाने, हॉटेले, लग्नाचे हॉल सगळेच हे करतात, हे खरे. पण दुसरे करतात म्हणून आपले माफ होत नाही. पाकी हा ईमानाचा भाग मानणाऱ्यांनी ईदच्या आधी प्रत्येक गल्लीत पाच-सहा तरुणांचा गट करावा, महापालिकेच्या गाडीची वेळ ठरवून घ्यावी आणि कचरा झाकलेल्या पिंपातूनच जाईल हे पाहावे. मांजरांसाठी याहून मोठे काम दुसरे नाही.

शेवटी, बिबट्या दिसला तर गर्दी, मोबाईल, दगडफेक काही नको. त्याला निघून जायला वाट द्या आणि वन विभागाला १९२६ वर फोन करा. जखमी मांजराला उघड्या हाताने उचलू नका. चावले, ओरबाडले तर जखम साबण लावून पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या.

ताटली ठेवणे सोपे असते. वेळेवर ती उचलणारा हातच मांजराला वाचवतो. आजपासून तेवढे करू या. खुदा हाफिज.