बॅग भरण्याआधी

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



पोटगी, रेशन, कौटुंबिक हिंसा या विषयांच्या रांगेत 'ब्रिटनच्या विद्यापीठात शिकायला जाणाऱ्या मुलींची तयारी' हा विषय पाहून काहीजणींना नवल वाटलं असेल. हा तर पैसेवाल्यांचा विषय, असं सकाळी चहाच्या वेळी कुणी म्हणालंही. पण समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या आम्हाला गेली काही वर्षं वेगळं चित्र दिसतंय. एस.टी. कंडक्टरची मुलगी, अंगणवाडी सेविकेची मुलगी आता एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी लीड्सला, बर्मिंगहॅमला, ग्लासगोला निघते. कुणी शिष्यवृत्तीवर, कुणी कर्ज काढून. त्यासाठी घर गहाण पडतं, आईच्या पाटल्या मोडतात. म्हणजे हा आपलाच विषय आहे.

आणि तो नवाही नाही. नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही असं कोर्टात ठामपणे सांगणाऱ्या रखमाबाई १८८९ साली लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि परतल्यावर त्यांनी सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षं स्त्रियांवर उपचार केले. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधल्या डॉ. एडिथ पेची यांच्यासारख्यांनी त्यांच्यासाठी पैसे उभे करायला मदत केली, तिथे राहायची सोय लावून दिली. एकटी बाई समुद्रापार जाते तेव्हा तिच्यामागे काही माणसांनी आधी बरंच काम केलेलं असतं. ते काम आज आपण करायचं आहे.

घरोघरी तयारी म्हणजे काय? स्वेटर, कुकर, मेतकूट, लोणचं, मसाल्याचे डबे. ते सगळं करा. (तूप, पेढे मात्र नकोत, आपल्याकडून तिथे दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.) पण खरी तयारी वेगळी आहे. मुलीच्या नावाचा प्रत्येक कागद, पैसा, पासवर्ड तिच्या स्वतःच्या ताब्यात आहे की नाही? घराच्या किल्ल्या कमरेला लावून बाई मालकीण होत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. किल्लीने उघडणारं काय आहे आणि ते कुणाच्या नावावर आहे, हे विचारावं लागतं. तोच प्रश्न इथे विचारायचा.

कागद

पहिला कागद पासपोर्ट. डिसेंबर २०१६ मध्ये नियम बदलले. आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं. विवाहाचं प्रमाणपत्र लागत नाही. घटस्फोटित स्त्रीला नवऱ्याचं नाव लिहिण्याची सक्ती नाही. एकट्या आईच्या मुलींना आणि घर सोडलेल्या बायकांना हे मुद्दाम सांगा. 'वडिलांची सही आणा' म्हणून त्यांना अजूनही परत पाठवणारे भेटतात.

अडचण येते ती नावांची. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर लग्नानंतरचं, जन्मदाखल्यावर तर नावाची जागाच कोरी. शिक्षणाचे पैसे आई-वडिलांच्या खात्यातले दाखवायचे असतील तर नातं सिद्ध करायला जन्मदाखला लागतो. ग्रामपंचायतीतून, नगरपालिकेतून ही दुरुस्ती व्हायला वेळ लागतो. म्हणून हे काम प्रवेश मिळाल्यावर नव्हे, अर्ज करतानाच सुरू करायचं.

दुसरी गोष्ट एजंटची. तालुक्याच्या गावीही आता परदेशी शिक्षणाचे सल्लागार दुकान थाटून बसलेत. ते 'फुकट' सल्ला देतात, कारण विद्यार्थी पाठवल्याचं कमिशन त्यांना विद्यापीठाकडून मिळतं. सगळेच फसवतात असं नाही, पण त्यांचं हित कशात आहे हे मुलीला माहीत हवं. पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज ती स्वतः विद्यापीठाकडे करू शकते. ती संस्था ब्रिटिश गृहखात्याच्या परवानाधारकांच्या यादीत आहे का, हेही तिला स्वतः पाहता येतं.

प्रवेश पक्का झाला की विद्यापीठ एक क्रमांक देतं, त्याला 'कॅस' म्हणतात. त्यावर व्हिसाचा अर्ज होतो. अभ्यासक्रमाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो. क्षयरोगाची तपासणीही लागते, आणि ती ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच करावी लागते.

आता सर्वांत महत्त्वाचं. पूर्वी तिथे पोचल्यावर निवासाचं कार्ड हातात पडायचं. २०२४ च्या अखेरीस ती पद्धत संपली. आता व्हिसा कागदावर किंवा कार्डावर नसतो, इंटरनेटवरच्या खात्यात असतो. इंग्लंडमध्ये घर भाड्याने घ्यायचं, नोकरी धरायची, तर त्या खात्यातून कोड काढून द्यावा लागतो. ते खातं ज्या ई-मेलला आणि मोबाईल नंबरला जोडलेलं, त्याच्या हाती मुलीचं तिथलं राहणं. आमच्या केंद्रात आलेल्या एकीचं खातं एजंटच्या ई-मेलवर होतं, दुसरीचं ठरलेल्या नवऱ्याच्या. 'त्यांनीच सगळं भरलं ना ताई,' असं ती कौतुकाने सांगत होती. निघण्याआधी दोघींनी ई-मेल आणि नंबर बदलून घेतले. दुसरीच्या घरी त्यावरून दोन दिवस अबोला झाला. तो इथेच झाला हे बरं झालं. तिथे एकटी असताना झाला असता तर?

पैसा

फी वेगळी, राहण्याचा खर्च वेगळा. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या नियमाप्रमाणे लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड, असे जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे पैसे खात्यात सलग २८ दिवस असल्याचं दाखवावं लागतं. खातं मुलीचं किंवा आई-वडिलांचं हवं; काका-मामांच्या खात्यातले पैसे धरत नाहीत. मान्य बँकेच्या शैक्षणिक कर्जाचं पत्र चालतं. शिवाय आरोग्यसेवेचा अधिभार आधीच भरावा लागतो. विद्यार्थ्यांना तो वर्षाला ७७६ पौंड आहे. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा मिळतो, त्यामुळे तो १,१६४ पौंडांवर जातो. हे आकडे बदलत राहतात. अर्जाच्या आठवड्यात ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा तपासा.

कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून आईची सही घेतली जाते. पुष्कळ आयांना वाटतं, आपण साक्षीदार आहोत. तसं नाही. हप्ते थकले तर बँक तिच्याकडेही वसुलीला येते. सही करण्याआधी तिला तो कागद वाचून दाखवणं हे आपलं काम आहे. 'नंतर दोन वर्षं नोकरी करून सगळं फिटेल' या हिशेबावरही घर गहाण टाकू देऊ नका. शिक्षण संपल्यावर तिथे राहून काम शोधण्याची ही मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिन्यांवर आणली आहे, फक्त पीएच.डी.ला ती तीन वर्षांची आहे.

लग्नाचंही सांगते. 'मुलगी शिकेल, मुलगा तिच्या व्हिसावर जाईल, फी आम्ही भरू' असे सौदे होतात. हा उलट्या बाजूने घेतलेला हुंडाच. जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या नेहमीच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जोडीदाराला असं नेता येत नाही. संशोधनाच्या अभ्यासक्रमांना आणि काही सरकारी शिष्यवृत्तीधारकांनाच ती सवलत आहे. ठरवताना कुणी हे मुलीला सांगत नाही, आणि मग नवऱ्याला नेता आलं नाही याचा राग तिच्यावर निघतो.

मुलीचं स्वतःचं खातं हवं, कार्ड आणि पिन तिच्याकडेच. तिथलं बँक खातं उघडायला काही आठवडे लागू शकतात, तेव्हा पहिल्या महिना-दीड महिन्याचा खर्च प्रवासी कार्डावर असावा. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या मुलींनीही एवढी सोय ठेवावी. आणि परतीच्या तिकिटाएवढे पैसे वेगळे, ज्यांना ती सोडून कुणी हात लावणार नाही. मी हे सांगते तेव्हा वडील म्हणतात, 'आत्ताच कशाला अशुभ बोलता?' यात अशुभ काही नाही. ज्या बाईला परत येता येतं, तीच हिमतीने राहू शकते.

शरीर

तिथे पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात राहत्या भागातल्या दवाखान्यात नाव नोंदवायचं. त्या डॉक्टरला 'जी.पी.' म्हणतात. नोंदणी फुकट असते. आजारी पडल्यावर नोंदवू म्हणून थांबायचं नाही. दात आणि चष्मा इथेच पाहून घ्यायचे, तिथे ते महाग पडतात. लसींचे कागद आणि नेहमीच्या औषधांची चिठ्ठी सोबत ठेवायची.

आता जे घरात कुणी बोलत नाही ते. संततिनियमनाची साधनं तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत मोफत मिळतात. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये १९६७ च्या कायद्याने गर्भपाताची सोय आहे, आणि अधिभार भरलेल्या विद्यार्थिनीला ती या सेवेतून मिळते. डॉक्टर तिच्या घरी कळवत नाहीत. हे सांगितल्याने मुली बिघडत नाहीत. न सांगितल्याने त्या एकट्या पडतात.

डिसेंबरात तिथे दुपारी चारला अंधार पडतो. मन खचतं. विद्यापीठात समुपदेशक असतो, त्याच्याकडे जाण्यात कमीपणा नाही, हे इथूनच तिच्या मनावर ठसवा.

घर आणि काम

पहिल्या वर्षी शक्यतो विद्यापीठाच्या वसतिगृहातच जागा घ्यावी. बाहेर घ्यायची तर खोली न पाहता पैसे पाठवू नयेत. फोटो दाखवून अनामत लाटणारे तिथेही आहेत. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याप्रमाणे सर्वसाधारण भाड्याच्या घराची अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि घरमालकाने ती ३० दिवसांत मान्य संरक्षण योजनेत ठेवायची असते.

सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या शोधनिबंधाचा उन्हाळासुद्धा सहसा सुट्टीत धरत नाहीत. 'वरचे तास रोखीत देतो' म्हणणारा मालक पुढे त्याच तासांचा धाक घालतो. कामावर पासपोर्ट कुणाच्या ताब्यात द्यायचा नाही. किमान वेतन सगळ्यांना लागू आहे. एप्रिल २०२५ मध्ये २१ वर्षं पूर्ण केलेल्यांसाठी तो दर तासाला १२.२१ पौंड झाला, आणि दर एप्रिलला तो नव्याने ठरतो.

आपल्या माणसांत खोली मिळाली म्हणजे सुरक्षित, असं आईवडील धरून चालतात. पण आडनाव विचारून खोली देणारे, स्वयंपाकघरात भांडी वेगळी लावणारे त्या घरांतही भेटतात. तिथल्या समता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख नाही. २०१३ मध्ये संसदेने तो करायला सांगितलं, २०१८ मध्ये सरकारने तो न करण्याचं ठरवलं. तरी वंशाधारित भेदभाव म्हणून दाद मागता येते. दलित मुलींना हे आधी माहीत असेल, तर पहिल्या अपमानाला त्या स्वतःलाच दोष देत बसणार नाहीत.

धाक आणि मदत

आपण इथे लैंगिक छळाविरुद्ध १९९७ च्या विशाखा निकालापासून २०१३ च्या कायद्यापर्यंत लढत आलो. इंग्लंडमध्ये १ ऑगस्ट २०२५ पासून विद्यापीठांवर बंधन आलं आहे: छळ आणि लैंगिक गैरवर्तनाविरुद्ध काय करणार, तक्रार कुठे करायची, आधार कोण देणार, हे त्यांनी एका जागी जाहीर केलं पाहिजे. ते पान मुलीने जाण्याआधी वाचावं. विद्यार्थी संघाचं सल्ला केंद्रही असतं, तिथे फुकट आणि खाजगीत बोलता येतं.

तातडीला ९९९. बोलणं शक्य नसेल तर मोबाईलवरून ९९९ लावून विचारणा झाली की ५५ दाबायचं. साध्या पोलिस कामाला १०१, तब्येतीच्या सल्ल्याला १११. इंग्लंडमध्ये कौटुंबिक हिंसेची मोफत, चोवीस तासांची हेल्पलाइन ०८०८ २००० २४७. लंडनमध्ये १९७९ पासून काम करणारी साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांची संघटना आहे. विद्यार्थिनीला तिथले सरकारी भत्ते मिळत नाहीत, पण पोलिस आणि दवाखाना मिळतो. 'तुझा व्हिसा रद्द करवतो' ही धमकी आहे. व्हिसाचा निर्णय गृहखातं घेतं. नवरा, मालक किंवा मामा नाही.

धाक घरूनही येतो. रोज रात्री व्हिडिओवर खोली दाखव, कोण बसलंय ते दाखव. तिथली वेळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास. आपण निवांत होतो तेव्हा ती वर्गात किंवा कामावर असते. फोन उचलला नाही म्हणून इथे रडारड. निघण्याआधीच आठवड्यातले वार आणि वेळ ठरवून घ्या. काळजी आणि पाळत यांतला फरक आईशी बोलता येतो; मी अनेकदा बोलले आहे. आया समजून घेतात, बापांना थोडा वेळ लागतो.

आपलं काम

यासाठी नवी संस्था नको, निधी नको. सप्टेंबरात अभ्यासक्रम सुरू होतात, तेव्हा जून-जुलैमध्ये एका रविवारी दोन तास काढा. मुलगी आणि तिची आई, दोघींना बोलवा. तिथे शिकून आलेली एखादी मुलगी बरोबर बसवा. तिला पाच प्रश्न विचारा. पासपोर्ट कुणाकडे आहे? व्हिसाच्या खात्याचा ई-मेल कुणाचा? कार्डाचा पिन कोणाला माहीत? कर्जावर कुणाची सही? आणि अडचण आली तर घर सोडून कुणाला फोन करशील? पाचव्या प्रश्नाला मुली बहुतेक गप्प बसतात. तिथे आपल्या केंद्राचा नंबर लिहून द्या, आणि तिने रात्री-अपरात्री फोन केला तर उचला.