हिरव्या स्टिकरखाली काय असतं?

माझा जन्म बडोद्यातला. घरात मराठी, बाहेर गुजराती, आणि कामावर वायरमनची जी एक सगळीकडे सारखीच बोली असते ती. इलेक्ट्रिकल सुपरवायझरचं लायसन्स घेऊन मला 22 वर्षं झाली. कारखाने, ऑफिसं, शाळा, दवाखाने इथली वायरिंग आणि विजेवर चालणाऱ्या वस्तू तपासून देणं हे माझं काम. आज त्या तपासणीबद्दलच बोलायचं आहे, आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो. ती लपवून पुढचं सांगणं मला जमणार नाही.

साधारण 15 वर्षांपूर्वीची गोष्ट. बडोद्याजवळच्या एका कारखान्यात 260 वस्तू दोन दिवसांत तपासून द्यायच्या होत्या. कॉम्प्युटर, पंखे, ड्रिल मशीन, ग्राइंडर, किटल्या, एक्स्टेन्शन बोर्ड. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता साहेब आले, म्हणाले, "उद्या ऑडिट आहे, आज संध्याकाळी रिपोर्ट पाहिजे." कॅन्टीन आणि पॅकिंग विभाग राहिले होते, 70 वस्तू. मी टेबलावर बसलो आणि आकडे भरले. इन्सुलेशन 200 मेगाओहम, अर्थ ओके. 200 मेगाओहम, अर्थ ओके. हेल्परने जाऊन हिरवे स्टिकर चिकटवले. त्यातला एक कॅन्टीनच्या वॉटर कूलरवर लागला.

तो एप्रिल होता. जुलैमध्ये, पावसात, कॅन्टीनमध्ये भांडी घासणारा एक पोरगा ओल्या हाताने त्या कूलरच्या नळाला चिकटला. विशीतला असेल. खानदेशातून आलेला, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायचा, मला काका म्हणायचा. स्वयंपाक्याच्या लक्षात आलं आणि त्याने पोराला हात न लावता आधी भिंतीवरचा स्विच बंद केला, म्हणून तो वाचला. तळहात भाजला, दोन दिवस दवाखान्यात काढले.

मला बोलावलं. मी कूलरचा प्लग उघडला. अर्थची हिरवी वायर स्क्रूमधून सुटलेली होती, आणि तिच्या उघड्या टोकावर धूळ बसली होती. म्हणजे ती कालपरवा सुटलेली नव्हती. एप्रिलमध्येही ती तशीच असणार. अर्ध्या मिनिटाची तपासणी होती ती.

आता हे घडतं कसं, ते जरा नीट बघू. कूलरच्या आत कॉम्प्रेसरकडे जाणारी वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती. फेजचा करंट बॉडीवर आला. अर्थ जोडलेला असता तर तो त्या वाटेने गेला असता. वाट तुटलेली, म्हणून सगळा पत्रा 230 व्होल्टवर थांबून राहिला, कुणीतरी हात लावायची वाट बघत. ओल्या हाताच्या, अनवाणी माणसाच्या शरीराचा रोध एक हजार ओहमच्या आसपास धरला, तर 230 मिलिअँपियर. 10 मिलिअँपियरच्या आसपास हाताचे स्नायू आवळतात आणि माणूस नळ सोडू शकत नाही. 30 च्या पुढे, करंट वाहत राहिला तर, हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. लोक विचारतात, एमसीबी का नाही पडला? अहो, तो 16 अँपियरचा होता. 230 मिलिअँपियर म्हणजे पाव अँपियरसुद्धा नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी आरसीसीबी असतो, 30 मिलिअँपियरवर पडणारा. तो त्या कॅन्टीनच्या बोर्डात होता. पावसाळ्यात सारखा पडतो म्हणून कुणीतरी बायपास करून ठेवला होता. तो पडत होता याचा अर्थ काय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्यानंतर मी तपासणीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो, आणि कळलं की टेबलावर बसून आकडे भरणं हा खोटेपणाचा सगळ्यात ढोबळ प्रकार आहे. खरं यंत्र लावून, खरी बटणं दाबूनही तपासणी पोकळ राहू शकते.

मेगरचंच घ्या. 500 व्होल्ट लावून इन्सुलेशन मोजायचं, एक मेगाओहमपेक्षा कमी आलं तर वस्तू बाजूला काढायची. माणूस प्लगच्या पिना आणि बॉडी यांच्यात मेगर लावतो, काटा थेट अनंतावर. पास. पण वस्तूचा स्वतःचा स्विच बंद असेल तर त्याने काय तपासलं? फक्त दोरी. स्विचच्या पलीकडचा हीटर, मोटर, काहीच नाही. स्विच चालू ठेवूनही प्रश्न सुटत नाही, कारण हल्लीच्या बऱ्याच वस्तूंत आत रिले असतो आणि तो वीज आल्याशिवाय जोडत नाही. कूलरचा थर्मोस्टॅट, पाणी गार असेल तर उघडाच. अशा वस्तू चालू करून, गळती करंट किती मिलिअँपियर आहे ते मोजावं लागतं. त्याला वेळ लागतो, वेगळं यंत्र लागतं. आणि उलटंही होतं. पावसाळाभर बंद पडलेला हीटर मेगरवर वाईट दिसतो, कारण एलिमेंटच्या आतली पूड दमट झालेली असते. सुकवून पुन्हा मोजला की आकडा वर येतो. जाणकार माणूस दोन्ही आकडे लिहून ठेवतो. घाईतला माणूस एक तर वस्तू भंगारात घालतो, नाहीतर चांगला आकडा येईपर्यंत बटण दाबत बसतो.

अर्थची सलगता तर बहुतेक ठिकाणी मल्टिमीटरच्या 'टीं' आवाजावर तपासतात. हा आवाज फसवा आहे. कितीतरी मीटर 30 ओहम असले तरी वाजतात. इथे आपल्याला दशांश ओहममध्ये बोलायचं आहे. दोरीचा रोध सोडला तर 0.1 ओहम, इतकं कमी हवं. अर्थच्या वाटेत 30 ओहम असले तर दोषाच्या वेळी साडेसात अँपियरच वाहतील, 16 चा एमसीबी कधीच पडणार नाही, आणि मीटर मात्र टीं म्हणाला होता. दुसरं म्हणजे, वायरच्या 40 तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी मल्टिमीटरच्या इवल्या करंटला ती पुरते. म्हणून ग्राइंडरसारख्या, लोखंडी अंगाच्या वस्तूंवर निदान काही अँपियर सोडून, आणि मोजताना दोरी प्लगपाशी व वस्तूपाशी हलवून बघायची. दोरी हलवताना आकडा नाचला की समजायचं.

आणि हे सगळं करूनही एक गोष्ट राहते. तुम्ही वस्तूचा अर्थ तपासला. ज्या सॉकेटमध्ये ती लागणार, त्याचा? मी अशी ऑफिसं बघितली आहेत जिथे प्रत्येक कॉम्प्युटरवर स्टिकर आहे आणि टेबलाखालच्या सॉकेटच्या अर्थ पिनमागे वायरच नाही. दोन्ही कामं वेगवेगळ्या कंत्राटदारांची, त्यामुळे मधली जागा कुणाचीच नाही. तीच गोष्ट तीन पिनेचा प्लग दोन पिनेच्या सॉकेटमध्ये बसवणाऱ्या कन्व्हर्टरची. अर्थची पिन लांब का केली? प्लग घालताना ती आधी लागावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून. पंधरावीस रुपयांचा कन्व्हर्टर ती सगळी योजना फुकट घालवतो, आणि तपासणाऱ्याला तो दिसतच नाही, कारण तपासायला वस्तू काढताना तो भिंतीतच राहतो.

ही स्टिकरची पद्धत मूळची ब्रिटनमधली. तिथला 1989 चा नियम एवढंच म्हणतो की कामाच्या ठिकाणची विजेची साधनं धोका होणार नाही अशा स्थितीत ठेवा. दरवर्षी तपासा, स्टिकर लावा, असं त्यात नाही. तिथलं सरकारी सुरक्षा खातंही सांगतं की बरेचसे दोष नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि कमी धोक्याच्या ऑफिसात सगळं काही दरवर्षी यंत्राने तपासायची गरज नाही. पण नगावर पैसे मिळू लागले की धंदा उभा राहतो. आपल्याकडे परदेशी कंपन्यांच्या ऑफिसांबरोबर स्टिकर आला, आणि नगावरचा दरही आला.

त्या दराचा हिशोब करून बघा. कुणी म्हणालं की एका माणसाने दिवसात 400 वस्तू तपासल्या. आठ तास म्हणजे 480 मिनिटं. चहा नाही, जेवण नाही, तरी एका वस्तूला 72 सेकंद. त्यात टेबलाखाली वाकायचं, कॉम्प्युटर बंद करून घ्यायचा, प्लग काढायचा, दोरी बघायची, मोजायचं, लिहायचं. माझा स्वतःचा वेग कारखान्यात दिवसाला 80 ते 100. हे ऐकून बरेच गिऱ्हाईक दुसरीकडे गेले. त्यांना दोष देत नाही. कोटेशनमध्ये दोघांचा स्टिकर सारखाच दिसतो.

मग ज्याला विजेतलं काही कळत नाही, तो एचआरचा माणूस, शाळेचा मुख्याध्यापक, त्याने काय बघायचं? रिपोर्ट मागवा आणि सगळ्यात आधी नापास वस्तू शोधा. चालू कारखान्यातल्या 260 वस्तूंमध्ये एकही सैल प्लग नाही, एकही सोललेली दोरी नाही? मला तरी असा कारखाना अजून सापडलेला नाही. मग आकडे बघा. खऱ्या मोजणीत आकडे वेडेवाकडे येतात, 0.07, 0.12, 0.09. सगळीकडे 200 आणि नुसतं 'ओके' असेल तर समजा, माझ्यासारखा कुणीतरी टेबलावर बसला होता. यंत्राच्या कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट मागा, त्यावरचा नंबर यंत्राच्या नंबराशी जुळतो का बघा. आणि तपासणी चालू असताना दहा मिनिटं शेजारी उभे राहा. स्क्रूड्रायव्हर खिशातून बाहेर येतो का, एवढंच बघा. मोल्डेड प्लग उघडत नाहीत, मान्य. पण जे उघडतात ते उघडले पाहिजेत.

एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकानेही करायची आहे. नापास वस्तू सापडली की तपासणाऱ्यावर चिडू नका. मी एकदा एका ठिकाणी 11 वस्तू नापास केल्या, तर पुढच्या वर्षी मला बोलावलंच नाही. ज्याला बोलावलं, त्याने सगळ्या पास केल्या. त्याच 11 असतील तर त्या अजून तिथेच आहेत.

तो कॅन्टीनमधला पोरगा पुढे परत गावी गेला. जायच्या आधी भेटला होता. मी त्याला सांगितलं की तो कागद मी भरला होता. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "काका, मी स्टिकर बघूनच हात लावायचो." पॅकिंगमधल्या जुन्या कूलरचा शॉक बसतो म्हणून सगळे हिरव्या स्टिकरवाल्याकडे यायचे, असं त्याने सांगितलं. यावर मला काही बोलता आलं नाही.

वेळ झाली. प्रश्न असतील तर पाठवा. फक्त प्लग उघडून फोटो पाठवणार असाल, तर आधी स्विच बंद करा आणि प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढा. मागच्या वेळी दोघांनी तो भिंतीतच ठेवून उघडला होता.