थायलंडमधील उंबरठा आणि पादत्राणे



पादत्राणे दाराबाहेर ठेवणे हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या वाडवडिलांना कित्येक गावांत वरच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. त्यांचा नातू जेव्हा 'विहाराच्या दारात चपला का काढायच्या?' असे विचारतो, तेव्हा त्याला गप्प बसविणे आम्हास योग्य वाटत नाही. म्हणून थायलंडकडे पाहू. तेथे दहांपैकी नऊंहून अधिक लोक बौद्ध आहेत.

थाई माणूस डोके सर्वांत श्रेष्ठ आणि पाऊल सर्वांत हीन मानतो. कोणाच्या डोक्याला हात लावणे असभ्यपणाचे, पाय कोणाकडे रोखून बसणेही तसेच. पादत्राण तर पावलाच्याही खाली. ते घरात कसे न्यावे? व्यवहाराची बाजूही तितकीच खरी आहे. जुनी घरे खांबांवर उभारलेली, पावसाळा मोठा, चिखल फार. आणि ज्या फळ्यांवर बसायचे, जेवायचे, झोपायचे त्या स्वच्छ हव्यात. पूर्वी जिन्याच्या पायथ्याशी पाय धुण्यासाठी पाण्याचा रांजण असे.

मुख्य गोष्ट ही की, पाहुणा पादत्राणे काढतो तशी घरधनीही काढतो. थाई समाजात मानपानाच्या पायऱ्या पुष्कळ आहेत, हे आम्ही लपवीत नाही. पण उंबरठ्याचा हा नियम श्रीमंतालाही आहे आणि गरिबालाही.

बँकॉकच्या वट फो विहारात बुद्धांची 46 मीटर लांबीची पहुडलेली मूर्ती आहे. तिच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावाची 108 मंगलचिन्हे आहेत. पाऊल हीन मानणारे लोक अनवाणी होऊन याच पावलांसमोर हात जोडतात!

विनयात वहाण अपवित्र मानलेली नाही. चंक्रमण करून सोण कोळिविसाचे पाय रक्तबंबाळ झाले, तेव्हा भगवंतांनी एकपदरी वहाणा वापरण्यास अनुमती दिली, असे महावग्गात आहे. पादत्राणे घातलेल्यास भिक्खूने धम्म सांगू नये, हा सेखिय नियम. मात्र ऐकणारा आजारी असल्यास त्यातून सूट आहे.

थायलंडमध्ये पहाटे भिक्खू अनवाणी भिक्षाटनास निघतात. दान देणारेही चपला काढतात, कारण दात्याने भिक्खूपेक्षा उंच उभे राहू नये. काही जण चपला काढून त्यांच्यावरच उभे राहतात. जमीन ओली असते ना! मग शेजारची एखादी जाणती बाई हळूच खूण करते, आणि ते खाली उतरतात.