तिसरा हिस्सा
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



फ्लॉरिडात वास्तव्य करणाऱ्या आपल्या ज्ञातीतील एका तरुणाने, पाण्याने भरलेल्या गुहांत बुडी मारण्याचे शिक्षण घेण्याचा मनोदय घरी कळविला. त्यास परावृत्त करावे, अशी गळ त्याच्या आजोबांनी आम्हांस घातली. उपदेशापूर्वी विषय समजून घ्यावा, ही शिक्षकाची सवय. त्यातून जे हाती लागले, ते आपणांपुढे ठेवीत आहो.

मालवण-तारकर्लीस आपले तरुण समुद्रात उतरतात, तेथे डोक्यावर मोकळे आकाश असते. गुहेत डोक्यावर खडक असतो. ज्या वाटेने आत गेलो, त्याच वाटेने परतावे लागते व तोवर श्वास पुरावा लागतो. तळाचा गाळ उसळला, की डोळ्यांपुढचा हातही दिसत नाही. म्हणून मोकळ्या पाण्यापासून आतपर्यंत अखंड दोर आणि प्रत्येकाजवळ तीन दिवे असावे लागतात.

या विद्येस शास्त्रशुद्ध शिस्त लावणाऱ्यांत शेक एक्स्ले हे फ्लॉरिडातील गृहस्थ अग्रगण्य होत. पेशाने ते गणिताचे शिक्षक होते, हे सांगताना आम्हांस विशेष आनंद वाटतो. गुहांतील अपघातांची छाननी करून त्यांनी १९७९ साली एक छोटेखानी पुस्तक लिहिले. त्यातील वायूविषयीचा नियम चौथीच्या मुलासही समजेल असा आहे. सिलिंडरातील वायूचे तीन हिस्से करावे. एक आत जाण्यास, एक परतण्यास, आणि एक राखीव. दाबमापकावर आरंभी २१० बार असतील, तर १४० वर काटा येताच मागे फिरावे. सोबत्यांपैकी ज्याचा काटा प्रथम तेथे येईल, त्याच्याबरोबर सर्वांनी फिरावे.

हा तिसरा हिस्सा कोणासाठी? गुहेच्या शेवटास सोबत्याचा वायू खुंटला, तर आपला दुसरा हिस्सा आपणांस व तिसरा त्यास बाहेर आणतो. अरुंद वाटेत एकामागून एक पोहत वायू देता यावा, म्हणून श्वासनळी सुमारे सात फूट लांब ठेवतात. तिसरा हिस्सा स्वतःसाठी खर्चणारा मनुष्य सोबत्याची ठेव मोडतो. आपल्या ज्ञातीचा विद्यार्थी-साहाय्य निधी याच जातीचा होय.

सिलिंडराविषयीही दक्षता हवी. त्याची जलदाब-चाचणी मुदतीत व्हावी. अमेरिकेत ती दर पाच वर्षांनी करतात. आत कोणता वायू आहे, हे प्रत्येकाने स्वतः मोजावे व वापरण्याची कमाल खोली वर ठळक लिहावी. शुद्ध प्राणवायू ६ मीटरांखाली घातक ठरू शकतो. झटके येतात, तोंडातील नळी सुटते व मनुष्य बुडतो. जो प्राण देतो, तोच खोली चुकल्यास प्राण घेतो.

थायलंडमधील थाम लुआंग गुहेत २०१८ साली १२ मुले व त्यांचा प्रशिक्षक अडकले, हे आपणांस स्मरत असेल. पाणी उपशाच्या कामी सल्ला देण्यास आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही तेथे गेले होते. सर्व तेराजण वाचले. परंतु गुहेत सिलिंडर पोहोचवून परतताना समान गुनान हे माजी नौसैनिक ६ जुलै रोजी पाण्यातच बेशुद्ध झाले व मृत्यू पावले. खुद्द एक्स्लेही १९९४ साली मेक्सिकोतील साकातोन येथे अतिखोल बुडीत निवर्तले. निष्णातांसही निसर्ग सवलत देत नाही.

तथापि आम्ही त्या तरुणास मनाई केली नाही. पाच प्रश्न मात्र लिहून धाडले: तुझा गुरू कोण व त्याची योग्यता काय? दोर अखंड असेल काय? तिसरा हिस्सा राखशील काय? खोलीची मर्यादा किती? दिवे किती? त्याने सविस्तर उत्तरे पाठवावी व ती वाचूनच आजोबांनी संमती द्यावी, असे उभयपक्षी ठरले आहे. ज्या घरांतील मुले साहसाकडे वळतात, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनी धाक घालण्याऐवजी असेच नेमके प्रश्न विचारावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.